चिंतामणीचे कळंब

नागपूरहून तुळजापूरकडे जाणारा हमरस्ता वर्धा शहर मागे टाकून नैर्ऋत्येकडे निघाला, की दोन्ही बाजूंस काळ्या जमिनीची शेते दिसू लागतात. देवळी आणि भिडी ही गावे मागे पडतात, वर्धा नदी ओलांडली जाते आणि यवतमाळ जिल्ह्याचा प्रदेश सुरू होतो. या रस्त्यावर यवतमाळच्या अलीकडे सुमारे २३ किलोमीटरांवर कळंब हे गाव लागते. गाव तालुक्याचे आहे आणि येथे नगरपंचायत आहे. तरी त्याचा विस्तार फार मोठा नाही. घाईत असलेला प्रवासी येथे चहापुरता थांबतो आणि पुढे निघून जातो. रस्त्यावरून पाहणाऱ्यास दुकाने, बसगाड्या आणि कापसाच्या गाड्या यांवाचून वेगळे असे काही दिसतही नाही. कळंबचे जे खरे वैभव आहे, ते उंच शिखरावर किंवा रुंद चौकात शोधून सापडत नाही. ते पाहण्यासाठी पायऱ्या उतरून खाली जावे लागते.

प्रथम गावाचे नाव पाहू. महाराष्ट्रात कळंब नावाची अनेक गावे आहेत. धाराशिव जिल्ह्यातील कळंब हेही तालुक्याचेच गाव आहे. त्यामुळे या गावी पत्र पाठवावयाचे झाल्यास पत्त्यात जिल्ह्याचे नाव घालण्यास विसरून चालत नाही. इतक्या गावांना एकच नाव का मिळाले असावे? कळंब हे एका वृक्षाचे नाव आहे. संस्कृतात ज्याला कदंब म्हणतात, त्याचेच प्राकृतात कलंब असे रूप झाले आणि मराठीत त्याचा कळंब झाला. पावसाळ्यात या झाडाला चेंडूसारखी गोल, पिवळसर फुले येतात व त्यांचा सुगंध आसमंतात दरवळतो. वड, पिंपळ, चिंच, आंबा यांच्यावरून आपल्याकडे किती गावांची नावे पडली आहेत ते आठवून पाहिले, म्हणजे आपल्या पूर्वजांना झाडांचे केवढे अगत्य होते ते ध्यानात येते. पुढे झाडे तुटली, पण गावांच्या नावांत ती टिकून राहिली.

या नावाशी एक पुराणकथाही जोडलेली आहे. गौतम ऋषींच्या शापामुळे देवांचा राजा इंद्र व्याधीने ग्रस्त झाला. शापातून सुटका व्हावी म्हणून तो कदंबवृक्षांच्या या प्रदेशात, कदंबपुरात, येऊन राहिला व त्याने गणेशाची आराधना केली. गणेशाने प्रसन्न होऊन आपल्या अंकुशाने भूमीत एक कुंड निर्माण केले. त्या कुंडात स्नान करून इंद्र शापमुक्त झाला आणि त्याने तेथे चिंतामणी या नावाने गणेशाची स्थापना केली, असे भाविक सांगतात. पुण्याजवळच्या थेऊर येथेही चिंतामणी आणि कदंबवृक्ष यांची कथा सांगितली जाते. एकच कथा दोन गावांनी आपली मानावी, यात आपल्या देशात नवल काही नाही. अशा कथांवरून इतिहासाचे साल ठरविता येत नाही. मात्र गावातील लोकांना पिढ्यान्‌पिढ्या कोणती गोष्ट मोलाची वाटत आली, हे त्यांतून कळते. कळंबच्या कथेत देव आहे, राजा आहे आणि वृक्ष आहे. पण कथेतील संकट दूर होते ते पाण्याने. ही गोष्ट लक्षात ठेवून मंदिराकडे जावे.

चिंतामणीचे मंदिर चक्रवती नावाच्या लहानशा नदीच्या काठी आहे. विदर्भात गणेशाची आठ प्रसिद्ध स्थाने मानली जातात. नागपूरचा टेकडीवरील गणपती, आदासा, रामटेक, भंडाऱ्याजवळील मेंढा, पवनी, भद्रावती आणि केळझर यांच्यासह कळंबची गणना विदर्भाच्या अष्टविनायकांत होते. नागपूरच्या देवासाठी टेकडी चढावी लागते, तर कळंबच्या देवासाठी उतरावे लागते. कारण हे देवस्थान भोवतालच्या जमिनीच्या पातळीपेक्षा बरेच खाली बांधलेले आहे. विदर्भातील उन्हाळा प्रखर असतो. वैशाखातील दुपारी बाहेर रस्ता तापलेला असतो. अशा वेळी पायऱ्या उतरत जावे, तसतसा उन्हाचा ताप कमी होत जातो, बाहेरचे आवाज दूर राहतात आणि शेवटी गारवा अंगाला लागतो. तेथे दगडी बांधणीचे कुंड आहे आणि जवळच चिंतामणीची मूर्ती आहे. संकष्टी चतुर्थीस येथे भाविकांची गर्दी होते. भाद्रपद आणि माघ महिन्यांतील चतुर्थींना तर दूरदूरच्या गावांहून लोक दर्शनास येतात.

देवळे बहुधा उंचावर बांधतात. मग हे इतके खाली का? याचे उत्तर कुंडाच्या पाण्यात आहे. पाणी जेथे खोल असते तेथे माणसास त्याच्याकडे उतरून जावे लागते. म्हणून महाराष्ट्रातील खेड्यांतून पायऱ्यांच्या बारवा बांधल्या गेल्या. गुजरातमधील पाटण येथे अकराव्या शतकात बांधलेली राणीची वाव तर एखाद्या उलट्या मंदिरासारखी जमिनीत उतरत गेली आहे. तिची गणना इ. स. २०१४ पासून जागतिक वारशात होते. कळंबचे देवस्थान तितके भव्य नाही. परंतु पाणी आणि देव यांना एकाच ठिकाणी मान देण्याची वृत्ती दोन्हीकडे सारखीच आहे.

कळंबच्या कुंडाची एक विशेष ख्याती आहे. काही वर्षी कुंडातील पाणी चढू लागते, ते गाभाऱ्यात शिरते आणि मूर्तीच्या चरणांना स्पर्श करते. दर बारा वर्षांनी गंगा देवाचे चरण धुण्यास येथे येते, अशी लोकांची श्रद्धा आहे. पाणी आल्याची वार्ता पसरली, की ते पाहण्यास लोक लोटतात. श्रद्धाळू मनुष्य या पाण्यास हात जोडतो. जिज्ञासू विद्यार्थ्याने हात जोडावेत आणि त्याबरोबर हे पाणी कोठून येते, असा प्रश्नही विचारावा. त्याचे उत्तर पायांखालच्या खडकात मिळते.

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या भूमीवर ज्वालामुखीचा लाव्हा पुनःपुन्हा पसरला व थंड झाला. त्याचे थरांवर थर बसून काळा कातळ तयार झाला. यवतमाळच्या परिसरातील बराच भाग या कातळाचा आहे. हा खडक कठीण असला, तरी त्यात भेगा असतात आणि थरांच्या मधे ठिसूळ, सच्छिद्र पट्टे असतात. पावसाचे काही पाणी ओढ्यानाल्यांवाटे वाहून जाते. काही जमिनीत मुरते आणि या भेगांतून हळूहळू खाली जाऊन साठते. यालाच भूजल म्हणतात. विहीर म्हणजे या साठ्यापर्यंत खणलेली वाटच होय. पाऊस भरपूर झाला, की भूजलाची पातळी वर येते आणि विहिरी तुडुंब भरतात. पाऊस कमी झाला किंवा उपसा फार झाला, की पातळी खाली जाते. नदीकाठच्या सखल जागी खोल उतरून बांधलेले कुंड हे या दृष्टीने विहिरीसारखेच असते. ज्या वर्षी मेघराजाची कृपा मोठी, त्या वर्षी कुंडातील पाणी वर चढते.

अशा रीतीने पाहिले म्हणजे कुंडाचे महत्त्व कमी न होता उलट वाढते. कुंडाच्या पायऱ्या ही जणू गावाच्या पाण्याची मोजपट्टी आहे. पाणी वरच्या पायरीवर असले, तर भोवतालच्या शिवारात ओल आहे असे समजावे. ते तळाशी गेले, तर गावाने सावध व्हावे. आपल्या भूमीतील पाण्याचा साठा माणसाच्या डोळ्यांस एरवी दिसत नाही. कळंबला तो पायऱ्या उतरून पाहता येतो.

आता गावाच्या पूर्वेतिहासाकडे वळू. आज कळंब हा यवतमाळ जिल्ह्यातील १६ तालुक्यांपैकी एक आहे. म्हणजे कळंबचा कारभार यवतमाळकडे पाहून चालतो. चारशे वर्षांपूर्वी मात्र स्थिती अगदी निराळी होती. इ. स. १५९६ मध्ये वऱ्हाडचा प्रदेश अहमदनगरच्या निजामशाहीकडून मोगल बादशहा अकबराकडे गेला. अकबराच्या दरबारातील विद्वान अबुल फजल याने ‘आईन-इ-अकबरी’ या ग्रंथात राज्याच्या सुभ्यांची माहिती दिली आहे. त्या काळी सुभ्याचे काही भाग पाडीत व त्या प्रत्येक भागास ‘सरकार’ म्हणत. सरकाराखाली परगणे असत. वऱ्हाड सुभ्यातील सरकारांच्या यादीत गाविलगड, नरनाळा, माहूर, पवनार यांच्या जोडीला कळंबचे नाव आहे. म्हणजे आजच्या जिल्ह्यासारख्या एका मोठ्या विभागाला या गावाचे नाव होते. आजचे यवतमाळ मात्र त्याच ग्रंथात ‘योत-लोहारा’ नावाच्या एका परगण्याच्या रूपाने आढळते.

पुढे वऱ्हाडवर निजाम आणि नागपूरकर भोसले या दोघांचाही अंमल चालू लागला व इ. स. १८५३ मध्ये हा प्रदेश इंग्रजांच्या कारभाराखाली गेला. त्यांनी स्थापन केलेल्या जिल्ह्यास पुढे वणी या गावाचे नाव मिळाले आणि इ. स. १९०५ मध्ये ते बदलून जिल्ह्याला यवतमाळ हे नाव देण्यात आले. एका काळी कळंब मोठे, मग वणी, आणि त्यानंतर यवतमाळ! राज्यकर्ते बदलले, कचेऱ्या हलल्या, रस्ते निराळ्या दिशांनी गेले, की गावांची प्रतिष्ठाही बदलते. मानाचे दिवस गेले म्हणून कळंब ओस पडले नाही. कचेरी दुसरीकडे नेता येते. नदीकाठचे कुंड, काळी माती आणि त्या मातीत राबणारे हात यांना कोणी हलवू शकत नाही.

ही काळी माती त्याच ज्वालामुखीच्या खडकाची झीज होऊन बनली आहे. ती ओल पुष्कळ काळ धरून ठेवते. म्हणून कापसाला ती मानवते. कापसाला येथे पांढरे सोने म्हणतात. मृगाच्या पावसाची वाट पाहून जून महिन्यात पेरणी होते. ऑक्टोबरच्या सुमारास बोंडे फुटू लागतात आणि हिरवे शिवार पांढरे दिसू लागते. पहिल्या वेचणीच्या आधी शेतकऱ्याच्या घरची माणसे शेतात पूजा करून दही-भाताचा नैवेद्य दाखवितात. या विधीला ‘सीतादही’ असे गोड नाव आहे. मग कमरेला फडके बांधून स्त्रिया वेचणीस लागतात. एक-एक बोंड हाताने वेचावे लागते. वेचलेला कापूस जिनात जातो. तेथे सरकी निराळी होते व रुई निराळी होते. १०० किलो कापसातून साधारणतः ३५ किलोंच्या आसपास रुई निघते. तिच्या गाठी बांधल्या जातात आणि त्या दूरच्या गिरण्यांत सूत होण्यासाठी रवाना होतात.

अंगातील सदऱ्याकडे पाहताना या कष्टांची आठवण सहसा कोणास होत नाही. येथील पुष्कळ शेती पावसाच्या भरवशावर चालते. पेरणीनंतर पावसाने दडी मारली, तर दुबार पेरणी करावी लागते. बियाण्याला आणि खताला काढलेले कर्ज मात्र दुप्पट होऊन बसते. इ. स. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने विदर्भातील कापसाचे फार मोठे नुकसान केले. त्याच वर्षी पिकांवर कीटकनाशके फवारताना विषबाधा होऊन यवतमाळ जिल्ह्यातील अनेक शेतकरी व मजूर प्राणांस मुकले. शेतात डोलणारे पांढरे सोने पाहून आनंद जरूर मानावा. परंतु ते कोणत्या किमतीने पिकते, हेही पाहुण्याने जाणून घ्यावे. बाभुळगाव तालुक्यातील बेंबळा नदीवरील धरणाचे कालवे कळंब आणि राळेगावच्या दिशेने आणले गेले आहेत ते यासाठीच. आकाशाकडे पाहून जगणाऱ्या शेतकऱ्यास वेळेवर मिळालेली एक पाण्याची पाळी मोठा आधार देते.

गाव पाहणे म्हणजे केवळ देऊळ आणि शेत पाहणे नव्हे. गावातील माणसे भेटली पाहिजेत. कळंबची बोली वऱ्हाडी आहे. ‘मला’ ऐवजी ‘मले’, ‘तुला’ ऐवजी ‘तुले’ असे येथे कानी पडते. ‘शाळा’ या शब्दातील ‘ळ’ खेड्यांतील बोलण्यात पुष्कळदा ‘य’ होतो आणि शाळेची ‘शाया’ होते. “कुठून येऊन राहिले, भाऊ?” असा प्रश्न कोणी केला, तर पाहुण्याने गोंधळून जाऊ नये, त्यात आपुलकीच असते. बाजारात कोणी सांबार घेण्याविषयी बोलू लागला, तर तो कोथिंबिरीविषयी बोलत आहे असे समजावे. पुस्तकातील मराठी आणि गावातील मराठी या एकाच आईच्या लेकी आहेत. त्यांतील एकीला हसणे शहाणपणाचे नाही.

यवतमाळ जिल्ह्यात गोंड आणि कोलाम या आदिवासी जमातीही पूर्वापार राहत आल्या आहेत. कोलामांच्या वस्तीला ‘पोड’ म्हणतात. त्यांची कोलामी आणि गोंडांची गोंडी या दोन्ही भाषा तेलुगू व कानडीप्रमाणे द्राविड कुळातील आहेत. श्रावणी अमावस्येस पोळा येतो, तेव्हा वर्षभर राबणाऱ्या बैलांना सजवून त्यांची पूजा होते. दुसऱ्या दिवशी मुले आपापले लाकडी बैल घेऊन तान्हा पोळा साजरा करतात. ज्यांच्या श्रमावर घर चालते त्यांचे ऋण मानावे, हा संस्कार अशा सणांतून मुलांवर नकळत होतो.

दीर्घ काळ कळंबला येण्यासाठी रस्ता हाच एक मार्ग होता. वर्धा, यवतमाळ आणि नांदेड यांना जोडणाऱ्या नियोजित लोहमार्गाचा वर्ध्यापासून कळंबपर्यंतचा भाग पूर्ण झाला व दिनांक २८ फेब्रुवारी २०२४ रोजी त्याचे उद्घाटन झाले. त्याच दिवशी कळंब आणि वर्धा यांच्या दरम्यान गाडी सुरू करण्यात आली. वर्धा हे मुंबई–नागपूर या मोठ्या लोहमार्गावरील स्थानक असल्यामुळे देशाच्या दूरदूरच्या भागांशी कळंबचा संबंध जुळला. एके काळी एका सरकाराचे नाव असलेले हे गाव अशा प्रकारे पुन्हा नव्या वाटेवर आले आहे.

वाहने वाढली, की पाहुणे वाढतात. पाहुणे वाढले, की दुकाने, निवासस्थाने आणि रोजगार वाढतात. ही आनंदाची गोष्ट होय. पण वाढत्या वस्तीला पाणीही अधिक लागते, आणि ते पाणी गावच्या त्याच भूजलातून उपसले जाण्याचा संभव असतो. निर्माल्य, नारळाच्या शेंड्या आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या कुंडात किंवा नदीपात्रात पडू लागल्या, तर ज्या पाण्यासाठी लोक येथे येतात ते पाणीच दूषित होईल. नदी लहान असली तरी तिचा प्रवास लहान नसतो. या भागातील पाणी शेवटी वर्धा नदीला मिळते. पुढे वर्धा आणि वैनगंगा यांच्या संगमातून प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीस मिळते आणि गोदावरी बंगालच्या उपसागरास जाते. कळंबच्या काठावर टाकलेला कचरा कोणाकोणाच्या दारावरून जाईल, याचा विचार करावा. कुंडातील पाणी वर यावे असे वाटत असेल, तर पावसाचे पाणी शिवारात मुरले पाहिजे. त्यासाठी बांध घालावे लागतात, नाल्यांतील गाळ काढावा लागतो, झाडे लावून ती जगवावी लागतात. ज्या वृक्षाने या गावाला नाव दिले, त्याची रोपे चक्रवतीच्या काठी वाढविणे हे देवाच्या सेवेइतकेच चांगले काम ठरेल.

म्हणून कळंबला जाणाऱ्या पाहुण्याने थोडा वेळ हाताशी ठेवून जावे. पायऱ्या सावकाश उतराव्यात आणि कुंडातील पाणी कोणत्या पायरीपर्यंत आले आहे ते पाहावे. मग वर येऊन शेतात वेचणी चालू असल्यास बांधावर उभे राहावे, वेचणाऱ्या मावशींची विचारपूस करावी आणि पाऊसपाण्याची हकिगत ऐकावी. कुंडातील पाणी आणि शेतातील पीक यांचा संबंध त्या हकिगतीतून आपोआप उलगडत जाईल. आपल्या स्वतःच्या गावी परतल्यावर गावातील जुन्या विहिरीत डोकावून पाहण्याची इच्छा ज्याला होईल, त्याने कळंब खऱ्या अर्थाने पाहिले असे म्हणता येईल.